भिंतीवरच्या पाटीवरची अकरा नावं

आमच्या स्वयंसेवक अग्निशमन संघटनेच्या वार्षिक जेवणाची आमंत्रणं टपालाने पाठवून आठवडा झाला असेल, दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुम्ही संघटनेचे सेक्रेटरी ना? ह्यांच्या नावाने तुमची पत्रिका आलीये." मी आपला उत्साहात, हो हो, या ना दोघं, पुढे जागा राखून ठेवलीये. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे जाऊन चौदा महिने झाले. तुम्हाला कुणी कळवलंच नाही का?"

मला काय बोलावं सुचेना. सॉरी म्हणालो, दोन-तीनदा म्हणालो आणि फोन ठेवून नुसता बसून राहिलो. ज्या माणसाने दोन वेळा अध्यक्षपद सांभाळलं त्याच्या शेवटच्या दिवशी संघटनेचा एक माणूस तिथे नव्हता, कारण कुणाला माहीतच नव्हतं, आणि वर आम्ही त्यालाच जेवायला बोलावलं. त्या बाईंनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तर हे त्यानंतरच्या दोनेक वर्षांचं प्रकरण. आम्ही काय केलं, त्यातलं पहिलं आणि दुसरं कसं फसलं आणि तिसरं कसं ठरवून नाही तर अडचणीतून सापडलं. चुका लपवल्या तर लिहून काही उपयोग नाही म्हणून सगळं आहे तसं लिहितो.

आधी थोडी ओळख. आमची संघटना म्हणजे सात स्टेशनांची मिळून एक. सातही ठिकाणी पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक, आपापली नोकरी-धंदा सांभाळून पेजर वाजला की हातातलं टाकून पळणारे. संघटना स्वतः आग विझवत नाही, ते काम स्टेशनांचं. संघटनेने ट्रेनिंग बघायचं, होज म्हणजे पाण्याचे पाईप, कोट, हेल्मेट एकत्र खरेदी करायचं, कुठल्या स्टेशनने कुणाच्या मदतीला कधी निघायचं ते कागदावर आणायचं आणि सगळ्यांच्या वतीने वरच्या लोकांशी भांडायचं. अध्यक्ष दोन वर्षांचा, काहींनी दोनदा केलं. मीटिंग हॉलमध्ये एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर आजवरच्या अध्यक्षांची नावं, अकरा. मी चार्ज घेतला तेव्हा आमचा समज असा होता की त्यातले आठ जण आहेत. त्या फोननंतर कळलं, सात. आणि सातांपैकी चालू फोन नंबर आमच्याकडे तिघांचेच.

बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, मंडळी स्वयंसेवकच, महिन्याच्या मीटिंगला दांडी मारली की दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या, हुक घ्यायचे. पन्नासेक वर्षांनी म्हातारपणी आठवणी लिहिताना तो सहज सांगून जातो की पहिल्या सभासदांपैकी आता मी आणि आणखी एकच जण उरलाय, आणि तो माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा आहे. हे वाचलं आणि मला लाजच वाटली. त्याला पन्नास वर्षांचा हिशोब तोंडपाठ होता, आम्हाला चौदा महिन्यांचा नव्हता, आणि आमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन.

मग मी शोधत बसलो की संबंध तुटतो नेमका कुठे. भांडणं झाली असतील, कुणी दुखावलं असेल, असा माझा अंदाज होता. एक-दोन ठिकाणी तसं होतंही, पण बहुतेक ठिकाणी कारण इतकं किरकोळ निघालं की हसू यावं. चार्ज देताना-घेताना आमच्याकडे एक खोकं दिलं जातं, त्यात मीटिंगांची इतिवृत्तं, बँकेचे सह्यांचे कागद, शिक्का, कपाटाच्या चाव्या. लोकांचे नंबर त्या खोक्यात कधीच नसतात, ते असतात जुन्या सेक्रेटरीच्या स्वतःच्या फोनमध्ये. त्याने फोन बदलला, किंवा गाव बदललं, की संपलं. एकाने मला सांगितलं, अरे होती ना यादी, पण ती जुन्या फोनमध्ये होती आणि तो फोन पोराने टाकीत पाडला.

दुसरं कारण जरा आतलं आहे. अध्यक्ष असताना माणसाला दिवसाला पंधरा-वीस फोन, हे बिल कुणी पास करायचं, त्या पोराला ट्रेनिंगला घ्यायचं का, बंबाचा टायर गेलाय. निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी शून्य. एक जण म्हणाले, पेजर परत केला त्या संध्याकाळी घरात इतकी शांतता होती की बायको म्हणाली, टीव्ही तरी लावा. नवा अध्यक्ष जुन्याला फोन करत नाही कारण त्याला वाटतं सारखं काय विचारायचं, आपल्याला जमत नाही असं दिसेल. जुना येत नाही कारण लुडबुड वाटायला नको. दोघंही एकमेकांचा मान राखत राखत दोन वर्षांत एकमेकांना अनोळखी होतात. कुणाचीच चूक नाही, आणि म्हणूनच दुरुस्त करायला अवघड.

कमिटीला हे सांगितलं तर कमिटीने नेहमीचंच केलं, व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'माजी अध्यक्ष मार्गदर्शन मंडळ' असं भारदस्त नाव, डीपीला संघटनेचा लोगो. पहिले दोन दिवस सुप्रभात आणि जुने फोटो. तिसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी फार चांगल्या भावनेने मेसेज टाकला की नवीन टँकर घ्यायचा विचार आहे, आपली मतं कळवावीत. बस्स. मागे कधीतरी टँकरवरूनच दोन माजी अध्यक्षांचं वाजलं होतं, एकाने ठरवलेली खरेदी दुसऱ्याने येऊन रद्द केली होती, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. रात्री साडेअकरापर्यंत ते चाललं, 'तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला सांगायला लावू नका' पर्यंत गेलं, आणि सकाळी उठून बघतो तर तिघं ग्रुप सोडून गेलेले. आम्ही जोडायला निघालो होतो आणि होते नव्हते ते तीन नंबरही नाराज करून बसलो.

दुसरा प्रयत्न सत्काराचा. वार्षिक जेवणाला माजी अध्यक्षांना पहिली रांग, ट्रॉफी, टाळ्या. आले चौघं. फोटो छान आले. पण मी त्या दिवशी मुद्दाम मागे उभं राहून बघत होतो. ते चौघं एकमेकांशी बोलत होते, आणि स्टेशनांतली तरुण मुलं आपल्या टेबलांवर, मध्ये एवढी मोठी मोकळी जागा. ट्रॉफी घेतली, जेवले, निघाले. जाताना एक जण मला म्हणाले, "कार्यक्रम चांगला केलात हो." हे 'केलात' मला फार लागलं. आपल्याच घरच्या कार्यक्रमाला माणूस 'केलात' म्हणत नाही.

मग कमिटीत बाहेरच्या पद्धतींची चर्चा झाली. जर्मनीत गावोगावच्या स्वयंसेवक दलांमध्ये वयस्कर लोकांसाठी रीतसर वेगळा विभाग असतो, आल्टर्स-उंड-एरेनआप्टायलुंग, म्हणजे ज्येष्ठ आणि मानाच्या सभासदांचा. वयाची मर्यादा झाली की माणूस दलाबाहेर जात नाही, त्या विभागात जातो, दलाचाच राहतो. चिलीत तर सगळं अग्निशमन स्वयंसेवकांवरच चालतं, १८५१ मध्ये वालपाराइसोपासून सुरू झालेलं, आणि तिथे बरीच वर्षं काढली की मानद स्वयंसेवकाचा दर्जा मिळतो. मला सगळ्यात डोकेबाज वाटला तो जपानचा उपाय. तिथे शोबोदान म्हणून स्थानिक दलं आहेत, माणसं सतत कमी होतायत, कधीकाळी २० लाखांच्या घरात असलेली संख्या आता ८ लाखांच्याही खाली, तर त्यांनी २००५ पासून ठराविक कामापुरते सभासद घ्यायची सोय केली. म्हणजे निवृत्त झालेला जुना माणूस परत येऊ शकतो, पण फक्त मोठ्या आपत्तीत, किंवा फक्त दिवसाच्या वेळी, जेव्हा तरुण मंडळी कामावर असतात. काम छोटं पण नेमकं.

माणसं कमी होणं हे फक्त तिथलंच नाही. अमेरिकेत १९८४ ला स्वयंसेवक फायरफायटर सुमारे ८ लाख ९८ हजार होते, २०२० ला ६ लाख ७७ हजार. आमच्याकडेही भरती म्हटली की तीच रड. त्यामुळे काही जण म्हणत होते की माजी लोकांचा रीतसर विभाग काढू, नियमावली करू, बॅज देऊ. मी विरोध केला. कारण आमच्याकडे सात माणसं होती आणि त्यातली तीन रुसलेली. एवढ्यांसाठी नियमावली लिहायला लागलो असतो तर ती लिहिण्यातच वर्ष गेलं असतं आणि बॅजही तयार झाले असते, घालायला कुणी नसतं.

एवढ्यात तळ्याचा घोळ झाला.

आमच्या हद्दीत एका टोकाला नळाचे हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायची तोंडं, नाहीत. तिथे एक खासगी तळं आहे आणि त्यात ड्राय हायड्रंट टाकलेला आहे, म्हणजे तळ्यातून काठापर्यंत आणलेला पाईप, त्यात दाबाचं पाणी नसतं, पाण्यातल्या टोकाला जाळी आणि काठावरच्या टोकाला कपलिंग. बंब काठाला लावायचा, सक्शन जोडायचं, पाणी ओढायचं. जमीन विकली गेली आणि नव्या मालकाची नोटीस आली की हा पाईप कुणाच्या परवानगीने टाकलाय ते दाखवा, नाहीतर महिन्याभरात काढा. आम्ही सगळी खोकी उपसली. कागद नाही. कुठल्या साली टाकला तेही नाही.

शेवटी ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी एकांना मी घाबरत घाबरत फोन केला. मत-बित काही नाही, सरळ विचारलं, "सर, तळ्यावरचा पाईप तुमच्या वेळचा का?"

"कुठला, जाळी तिरकी बसवलेला?"

जाळी तिरकी आहे हे मला माहीतच नव्हतं. पुढची चाळीस मिनिटं ते बोलत होते आणि मी मिळेल त्या कागदावर लिहून घेत होतो. जाळी तिरकी कारण तळाशी खडक लागला, सरळ बसवली असती तर गाळात टेकली असती. जुन्या मालकाचं परवानगीचं पत्र घेतलेलं आहे, ते संघटनेच्या फाईलमध्ये नाही, दोन नंबर स्टेशनच्या हत्यारांच्या कपाटात खालच्या ड्रॉवरला आहे कारण तेव्हा संघटनेकडे कपाटच नव्हतं. आणि मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बंब कुठे उभा करता?" मी म्हटलं, रस्त्याच्या कडेला. "मग उन्हाळ्याच्या शेवटी कधी ओढून बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. आमची ड्रिल नेहमी पाणी भरपूर असताना. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण पंप फक्त पाईपमधली हवा काढतो, पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, त्यामुळे अगदी आदर्श हिशोबातही १०.३ मीटरच्या वर पाणी चढत नाही आणि प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपास पंप हात टेकतो. तळं खाली गेलं की रस्त्याच्या बाजूने उंची नेमकी तिथवर जाते. म्हणून त्यांनी पलीकडच्या बाजूला, खालच्या अंगाला, बंबासाठी खडी टाकून जागा केली होती आणि कपलिंगचं दुसरं तोंडही तिकडेच काढलं होतं. गेली कित्येक वर्षं त्यावर झुडपं वाढली होती आणि आम्ही ज्याला हायड्रंट समजत होतो ते त्याचं पावसाळ्यापुरतं तोंड होतं. भर उन्हाळ्यात तिकडे आग लागली असती तर पंप नुसता घरघरत राहिला असता. हे मला अजून रात्री आठवतं.

पत्र ड्रॉवरमध्ये सापडलं, एका साध्या कागदावर दोन सह्या. वकिलाने सांगितलं, हे जुन्या मालकाने दिलेलं आहे, नवा बांधील असेलच असं नाही. म्हणजे त्या कागदाने आम्ही जिंकलो वगैरे काही नाही. पण सर स्वतः आमच्याबरोबर मालकाकडे आले आणि तिथे निघालं की त्याचा राग पाईपवर नव्हताच. त्याचं म्हणणं, तुमची माणसं ड्रिलला न सांगता फाटक उघडून आत येतात, माझी कुत्री सुटतात. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तर दर वेळी आदल्या दिवशी फोन करायचो." ती सवयसुद्धा कुठल्याशा खोक्यात न मावल्यामुळे हरवली होती. नवा करार झाला, आदल्या दिवशी फोन करायची अट त्यात पहिल्या नंबरला.

परत येताना गाडीत मला लक्षात आलं की ग्रुपवर आपण यांना मत विचारलं होतं आणि आज माहिती विचारली, एवढाच फरक आहे. मत विचारलं की माणूस खुर्चीत जाऊन बसतो, आणि ती खुर्ची आता दुसऱ्याची असते, मग भांडण आलंच. शिवाय मत ऐकलं नाही की अपमान. माहितीचं तसं नाही, ती एकतर असते किंवा नसते, आणि ज्याच्याकडेच ती आहे त्याला ती देताना वेगळं मोठेपण द्यावं लागत नाही.

मग सातही स्टेशनांना सांगितलं की ज्याचं उत्तर आज इथे कुणालाच देता येत नाही असे प्रश्न लिहून द्या. मतं नको, सूचना नको. पहिल्या महिन्यात जे प्रश्न आले ते वाचून मी चाट पडलो. कपाटातली ही पितळी चावी कशाची? चार नंबरचा टँकर नाल्यावरच्या पुलावरून न्यायचा नाही असा नियम का आहे? रेडिओच्या कॉल नंबरांत मधले दोन नंबर का वगळलेत? हा अडॅप्टर कुठे लागतो?

त्या अडॅप्टरची गोष्ट सांगायलाच हवी. पितळेचा, मुठीएवढा, त्यावर काही कोरलेलं नाही. मी तो घेऊन सगळ्यात वयस्कर माजी अध्यक्षांच्या घरी गेलो. डोळ्यांनी आता त्यांना फारसं दिसत नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तो ठेवला. त्यांनी हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला, मग अंगठ्याचं नख आट्यांवरून हळूहळू फिरवलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. "ही बाजू आपली. आणि ही बारीक आट्यांची, ती जुन्या गिरणीची. गिरणीचे हायड्रंट त्यांचे स्वतःचे होते, आटे वेगळे. गिरणी बंद झाली पण हायड्रंट जमिनीत आहेत, मेन लाइनला जोडलेले." त्या जागेवर आता गोदामं आहेत आणि तिथले हायड्रंट आपल्या होजला बसत नाहीत म्हणून ते बंद पडलेत असं आम्ही धरून चाललो होतो.

आट्यांचा हा विषय ऐकायला क्षुल्लक वाटतो. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर जळत होतं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले आणि कित्येकांच्या होज तिथल्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारावर इमारती गेल्या. पुढच्या वर्षी आट्यांचं प्रमाण ठरलं. आणि एवढं होऊनही १९९१ ला ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली तेव्हा तिथले हायड्रंट ३ इंची आणि मदतीला आलेल्यांच्या होज अडीच इंची. मी हे अडॅप्टर ओळखणाऱ्या त्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणून तर केला होता तो. चार केले होते. बाकीचे तीन शोध." अजून दोन सापडले नाहीत.

पुलाचं उत्तर उलट्या दिशेचं निघालं. आठ हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच आठ टन, गाडी वेगळी, आणि जुना पूल तेवढं पेलणारा नव्हता म्हणून तो नियम. पण पूल मध्यंतरी नवा झाला. ज्यांनी नियम केला होता तेच म्हणाले, "अरे, काढून टाका की तो, अजून पाळताय?" तेव्हापासून तो लांबचा वळसा गेला. मला हे पाईपच्या गोष्टीपेक्षाही आवडतं. जुना माणूस जुनं जपायलाच सांगेल असं आपणच धरून बसतो.

हळूहळू एक पद्धत बसली. प्रत्येक माजी अध्यक्षामागे एक माणूस ठरवला, सेक्रेटरी नाही आणि अध्यक्षही नाही, कारण आम्ही दोन वर्षांत बदलणार. स्टेशनातला एखादा तिशी-पस्तिशीचा, अजून बरीच वर्षं राहील असा. त्याने दोन-तीन महिन्यांतून एक प्रश्न घेऊन जायचं किंवा फोन करायचा, उत्तर वहीत लिहायचं, आणि त्या उत्तराचं पुढे काय झालं ते परत जाऊन सांगायचं. हे शेवटचं आम्ही सुरुवातीला करत नव्हतो आणि तिथेच पहिल्यांदा गाडी अडली. दोन उत्तरं देऊन एक जण थंड पडले, विचारलं तर म्हणाले, विहिरीत दगड टाकल्यासारखं वाटतं, आवाजच येत नाही. नंबर-पत्त्यांची यादी आता खोक्यात कागदावर आहे, दर जानेवारीत तपासायची, त्यात प्रत्येकाला फोन चालतो की पत्र, कुठल्या वेळी, आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर. ज्या बाईंचा फोन आला होता त्यांचंही नाव यादीत आहे. त्यांना विचारूनच घातलं. नवऱ्याच्या काळातल्या मीटिंगांची इतिवृत्तं त्याच टाइप करून द्यायच्या, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं, त्यामुळे आता त्यांनाही प्रश्न जातात.

एकांनी सांगितलं, मला संपर्क करू नका. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. यादीत तसं लिहिलंय, म्हणजे पुढचा सेक्रेटरी उत्साहाच्या भरात पत्रिका पाठवणार नाही.

आगीच्या जागी मात्र बोलवायचं नाही हे आम्ही पहिल्यापासून पक्कं ठेवलं. दोघांना ते आवडलं नाही. पण ड्युटीवर फायरफायटर मरतात त्यात हार्ट अटॅकचा वाटा अमेरिकेच्या आकड्यांत वर्षानुवर्षं निम्म्याच्या आसपास आहे, आणि सत्तरीचा माणूस जुन्या जोशात होज ओढायला लागला तर त्याला अडवायला तिथे कुणाला वेळ नसतो.

आता जे जमलं नाही ते. एक माजी अध्यक्ष, ट्रेनिंगमध्ये एकेकाळी नाव असलेले, प्रश्नांच्या निमित्ताने स्टेशनवर यायला लागले आणि मग प्रश्न नसतानाही येऊ लागले. आम्हाला आधी आनंदच. पण ते नव्या मुलांना त्यांच्या पद्धतीने शिकवायला लागले. आगीवरून आल्यावर आमच्याकडे आता कोट जागेवरच काढून पिशवीत बांधायचा, धुवायला टाकायचा, स्टेशनात आत आणायचा नाही असा नियम आहे, कारण काजळीत काय काय असतं ते आता कळलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरफायटरचं कामच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गटात. आणि हे माजी अध्यक्ष मुलांना सांगत होते, "काळा कोट म्हणजे मेडल. धुतलेल्या कोटाला कोण विचारतं?" मुलं हसायची, दोघांनी कोट धुवायला टाकणं बंद केलं.

कॅप्टनने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. बरोबर तेच सांगितलं, पण मुलांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. ते काही बोलले नाहीत, टोपी घेतली आणि गेले. मी दोनदा घरी जाऊन आलो. चहा मिळाला, विषय मिळाला नाही. दुसऱ्यांदा निघताना मी विचारलं, तुमच्या बॅचचे किती जण आहेत आता? मला खरंच माहीत नव्हतं, खोचक म्हणून विचारलं नव्हतं. ते दाराशी उभे होते, बोटांवर मोजायला लागले, मध्येच थांबले आणि म्हणाले, नंतर सांगतो.

नंतर काही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात त्यांचा नातू स्टेशनवर एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी ठेवून गेला, तोंड दोन ठिकाणी वायरने आवळलेलं, वर चिकटवलेल्या कागदावर पेनाने त्यांचं अक्षर: 'माझा कोट. कधीच धुतलेला नाही. उघडू नका, मुलांना नुसता दाखवा.' खाली पाच नावं. कॅप्टनने ती पिशवी ट्रेनिंग रूमच्या कपाटात काचेमागे ठेवली आहे. ते स्वतः अजून आलेले नाहीत.